तोंड येणं आणि डावा हात

तोंड आलं की माणसाचं सगळं लक्ष तीन-चार मिलिमीटरच्या एका जागेपाशी अडकून बसतं. खालच्या ओठाची आतली बाजू, गालाचं अस्तर, जिभेची कड किंवा जिभेखालची मऊ जागा. मधोमध पिवळट-पांढरा थर आणि भोवती लालभडक कडं. आमटीचा घोट घेतला की डोळ्यांत पाणी येतं, पोळीची कड घासली की जीव कळवळतो. आठ-दहा दिवसांत ती जागा आपोआप भरून येते, मागे डागही राहत नाही. मग महिना-दीड महिन्यानं दुसऱ्याच कोपऱ्यात तेच पुन्हा सुरू होतं. साधारण पाचातल्या एका माणसाला केव्हा ना केव्हा हे भोगावं लागतं, तरी याचं मूळ वैद्यकाच्या हाती अजून पुरतं लागलेलं नाही.

कुवेतच्या सलवा भागातल्या आमच्या मराठी घरांत मात्र निदान जेवणाच्या ताटावरच होऊन जातं: ‘उष्णता झालीय.’ कुवेतमध्ये राहणाऱ्याला हे पटायला वेळ लागत नाही. 21 जुलै 2016 रोजी इथल्या मित्रिबाह केंद्रावर 53.9 अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं आणि जागतिक हवामान संघटनेनं ते तपासून मान्यही केलं. अशा देशात जुलै महिन्यात तोंड आलं तर दुसरं कारण कोण शोधणार? गावाहून येणाऱ्या सामानात गुलकंद, ज्येष्ठमध आणि सब्जा ठरलेला असतो. जाईची पानं चघळायचा आजीचा उपाय तेवढा मागे राहतो, कारण जाईचा वेल विमानात घालून आणता येत नाही.

पण उष्णतेच्या या निदानाला वाळवंटच आडवं येतं. अरबांच्या एका मिश्र समाजात तोंड येण्याचं प्रमाण किती, याची फहमी यांनी केलेली पाहणी 1976 मध्ये प्रसिद्ध झाली. त्या पाहणीपासून दंतवैद्यकाच्या लेखनात एक गोष्ट सतत उद्धृत होत आली आहे: बेदूइनांमध्ये हा त्रास विरळ आहे. पिढ्यान् पिढ्या उघड्या वाळवंटात राहिलेल्या लोकांची तोंडं क्वचितच येतात आणि वातानुकूलित खोलीत बसलेल्या आपली येतात. उन्हानंच तोंड येत असतं तर हे उलटं दिसायला हवं होतं. म्हणजे कारण माणसाच्या आत कुठेतरी आहे. ते शोधायला निघालं की वाटेत एक असा प्रश्न भेटतो, जो पहिल्यांदा ऐकताना वेडगळ वाटतो: डावखुऱ्यांचं तोंड जास्त येतं का?

मी या प्रश्नाच्या प्रेमात आहे. त्याचं उत्तर काय येतं यापेक्षा, त्याचा पाठलाग करताना आपण कुठल्या कुठे जाऊन पोहोचतो, ते मला विलक्षण वाटतं.

आधी जखमेकडे नीट बघू. आपल्याकडे तिचा विचार फार जुना आहे. सुश्रुतसंहितेत 65 मुखरोग सांगितले आहेत आणि ते सात जागांवर वाटून दिले आहेत: ओठ, हिरड्या, दात, जीभ, टाळू, कंठ आणि सातवी जागा म्हणजे सबंध तोंड. या सातव्या गटाचं नाव सर्वसर. वात, पित्त आणि कफ यांप्रमाणे त्याचे तीन प्रकार केलेले आहेत. आधुनिक वैद्यकात या जखमांचं नेमकं वर्णन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिकुलिच आणि क्युमेल यांनी केलं. हेच मिकुलिच 1897 मध्ये तोंडावर जाळीदार कापडाचा मास्क बांधून शस्त्रक्रिया करू लागले आणि ती पद्धत रूढ करणाऱ्या पहिल्या शल्यविशारदांत गणले गेले. तोंडाच्या आतलं दुखणं लिहून ठेवणाऱ्या माणसानंच तोंड झाकायला शिकवावं, हा योगायोग मला फार आवडतो.

बहुतेकांना होतात त्या लहान जखमा, एक सेंटिमीटरच्या आतल्या. काही थोड्या लोकांना त्याहून मोठ्या आणि खोल होतात. त्या कित्येक आठवडे रेंगाळतात आणि व्रण ठेवून जातात. तिसऱ्या प्रकारात एक ते तीन मिलिमीटरचे असंख्य ठिपके एकदम उठतात. तिन्हींत जंतूंचा संसर्ग नाही, त्यामुळे एकाच्या उष्ट्यानं दुसऱ्याला लागण होत नाही. हर्पिसच्या विषाणूमुळे वारंवार येणारे फोड वेगळे. ते तोंडाच्या आत आले तर सहसा टाळूच्या पुढच्या कडक भागावर किंवा हिरड्यांना चिकटलेल्या घट्ट त्वचेवर येतात. तोंड येतं ते मात्र हलणाऱ्या, मऊ, ओलसर अस्तरावर.

आणि हे करतं कोण? आपणच. रक्तातल्या पांढऱ्या पेशींपैकी टी-पेशी नावाचं जे पथक विषाणूनं ग्रासलेल्या पेशी शोधून मारतं, तेच पथक तोंडाच्या निरोगी अस्तरावर चालून जातं. टीएनएफ-अल्फासारखी दाह पेटवणारी रसायनं सुटतात आणि अस्तराचा एवढासा तुकडा गळून पडतो. तोंडात अब्जावधी जंतू कायमचे वस्तीला असतात. वरून रोज गरम चहा, मिरचीचा ठेचा, लिंबू, मीठ आणि परक्या प्राण्या-वनस्पतींची प्रथिनं येऊन आदळतात. हे सगळं निमूट चालवून घ्यायचं आणि खरा शत्रू तेवढा ओळखायचा, असं काम इथल्या पेशींना आयुष्यभर करावं लागतं. पाचातल्या चौघांचं तोंड येत नाही, हेच मला जास्त थक्क करतं.

आता हाताकडे वळू.

1982 मध्ये बोस्टनचे मेंदूतज्ज्ञ नॉर्मन गेशविंड आणि ग्लासगोचे पीटर बेहन यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. मायग्रेन, वाचनातल्या अडचणी आणि रोगप्रतिकार यंत्रणा स्वतःवरच उलटून होणारे आजार यांचा डावखुरेपणाशी संबंध असावा, असं त्यांचं म्हणणं होतं. एवढे डावखुरे एका जागी मिळणार कुठे? त्यासाठी त्यांनी लंडनमधलं एक दुकान गाठलं. त्या दुकानात डावखुऱ्यांसाठी बनवलेल्या वस्तू मिळत, डाव्या हातानं चालवायच्या कात्र्या वगैरे. तिथल्या गिऱ्हाइकांकडून प्रश्नावली भरून घेतली. ठाम डावखुऱ्यांमध्ये असे आजार ठाम उजव्यांच्या अडीच पटींच्या आसपास निघाले. थायरॉइडचे आणि आतड्याचे विकार त्यांत उठून दिसत होते. आतड्याचा उल्लेख आपल्या विषयाला फार जवळचा आहे. गव्हातल्या प्रथिनाची असहिष्णुता, म्हणजे सीलिअॅक, किंवा क्रोन्ससारखा आतड्याचा दाह यांची पहिली चाहूल पुष्कळदा वारंवार तोंड येण्यातूनच लागते.

गेशविंड यांनी त्यावर मांडलेली कल्पना धाडसी होती. गर्भात असताना टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाचा प्रभाव जास्त झाला, तर मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागाची वाढ थोडी रेंगाळते, उजवा भाग पुढे सरसावतो आणि मूल डावखुरं होण्याची शक्यता वाढते. तेच संप्रेरक थायमस या ग्रंथीवरही परिणाम करतं. थायमस ही टी-पेशींची शाळा: छातीच्या हाडामागे बसलेली, बालपणी मोठी आणि वयात आल्यावर हळूहळू विरत जाणारी. स्वतःच्या शरीरावर हल्ला करणाऱ्या पेशी तिथेच वेगळ्या काढून नष्ट केल्या जातात. तिथली शिस्त बिघडली तर आयुष्यभर कुठे ना कुठे स्वतःवरच वार होत राहणार. हात आणि प्रतिकारशक्ती ही एकाच कारणाची दोन फळं, असा तो सिद्धांत. गेशविंड 1984 मध्ये वारले. त्यांचे सहकारी आल्बर्ट गॅलाबर्डा यांच्यासोबत लिहिलेली सविस्तर मांडणी 1985 मध्ये प्रसिद्ध झाली.

सिद्धांत टिकला की नाही ते पुढे सांगते. त्याआधी गर्भात काय चाललेलं असतं ते बघायलाच हवं, कारण इथे हात आणि तोंड खरोखर एकमेकांना भेटतात.

बेलफास्टचे पीटर हेपर यांनी सोनोग्राफीच्या पडद्यावर गर्भातली बाळं कोणता अंगठा चोखतात ते टिपून ठेवलं. पंधराव्या आठवड्यापासून हे दिसू लागतं. त्यांतल्या 75 मुलांना ती दहा-बारा वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासलं आणि 2005 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. गर्भात उजवा अंगठा चोखणारी 60 मुलं होती. ती साठच्या साठ उजवी निघाली. डावा अंगठा चोखणारी 15 होती, त्यांतली 10 डावखुरी निघाली. जन्माच्या कितीतरी आधी, तोंडात कोणता अंगठा जातो यावरून लिहिण्याचा हात ओळखू येतो! दहाव्या आठवड्यातही बहुतेक गर्भ उजवा हात जास्त हलवतात. त्या वेळी मेंदूच्या वरच्या थरापासून हातापर्यंतच्या तारा जोडलेल्याच नसतात. मग हुकूम देतं कोण? सेबास्टियन ओक्लेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 मध्ये दाखवलं की आठ ते बारा आठवड्यांच्या गर्भाच्या मज्जारज्जूतच डाव्या-उजव्या बाजूच्या जनुकांचं काम वेगवेगळं चाललेलं असतं. म्हणजे गेशविंड ज्या मेंदूकडे बोट दाखवत होते, त्याच्याही आधी पाठीच्या कण्यात डाव्या-उजव्याचा निवाडा सुरू झालेला असतो.

आणि नेमक्या त्याच सुमारास, आठव्या आठवड्याच्या आसपास, थायमसमध्ये टी-पेशींचे पूर्वज पहिल्यांदा दाखल होतात. थायमस येते तरी कुठून? गर्भाच्या घशाच्या भिंतीतून. तोंडामागच्या त्या भिंतीला पडलेल्या एका घडीतून ती फुटते आणि खाली सरकत छातीत जाऊन बसते. पुढे कधी तोंडाच्या अस्तरावर चाल करून येणारं सैन्य ज्या ग्रंथीत घडतं, ती ग्रंथीच मुळात तोंडाशेजारी उगवलेली असते. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले होते.

जन्मानंतरही हात आणि तोंड यांचं नातं सुटत नाही. नवजात बाळाचे दोन्ही तळवे हलकेच दाबले की ते तोंड उघडतं. बालरोगतज्ज्ञ ही प्रतिक्रिया तपासून बघतात. मेंदूवरच्या हालचालींच्या नकाशात हाताची जागा आणि चेहऱ्या-तोंडाची जागा एकमेकींना लागून आहेत, हे वाइल्डर पेनफिल्ड यांनी 1937 मध्ये शस्त्रक्रियेदरम्यान जाग्या रुग्णांवर दाखवलं. 2002 मध्ये मायकल ग्राझिआनो यांनी माकडांच्या मेंदूतली एक विशिष्ट जागा अर्धा सेकंद उद्दीपित केली, तर माकडाची मूठ वळली, हात तोंडाकडे गेला आणि तोंड उघडलं. सगळं मिळून एकच हालचाल. घास घेणं मेंदूत असं अखंड कोरलेलं आहे.

आता सिद्धांताचं काय झालं? ब्रायडेन, मॅकमॅनस आणि बल्मन-फ्लेमिंग यांनी 1994 मध्ये तोवरचे सगळे अभ्यास एकत्र तपासले. गेशविंड यांचा डोलारा त्यात फारसा उभा राहिला नाही. अॅलर्जी, दमा आणि मोठ्या आतड्याचा व्रणयुक्त दाह डावखुऱ्यांमध्ये किंचित जास्त सापडला, तर सांधेदुखीचे काही आजार आणि स्नायू दुबळे करणारा मायस्थेनिया ग्रॅव्हिस उलट कमी. सगळीकडे एकाच दिशेनं झुकणारा काटा दिसला नाही. म्हणून सगळंच थोतांड, असंही म्हणता येत नाही. फ्रान्समध्ये जेरार रनू यांनी 1980 च्या दशकात उंदरांच्या मेंदूच्या वरच्या थराची डावी बाजू निकामी केली, तर टी-पेशींचा प्रतिसाद मंदावला. उजवी बाजू निकामी केल्यावर तसं झालं नाही. मेंदूच्या दोन बाजू प्रतिकारशक्तीशी सारख्या वागत नाहीत, एवढं यातून नक्की दिसतं. पण उंदराच्या मेंदूवरून माणसाच्या ओठाच्या आतल्या फोडापर्यंत थेट उडी मारता येत नाही.

या प्रश्नात आकड्यांचाही एक सापळा आहे. जगात साधारण दहातला एक माणूस डावखुरा असतो आणि पाचातल्या एकाचं तोंड वारंवार येतं. दोन्हींचा एकमेकांशी काडीचा संबंध नसला, तरी शंभर जणांत दोघं असे निघणारच, ज्यांचा हात डावा आहे आणि तोंडही येतं. ते दोघं आपल्या लक्षात राहतात. समजा उजव्यांमध्ये प्रमाण 20 टक्के आहे आणि डावखुऱ्यांमध्ये 24 टक्के. एवढा फरक खात्रीनं पकडायला सुमारे 9 हजार माणसं तपासावी लागतील. एखाद्या दवाखान्यातल्या दीड-दोनशे रुग्णांवरून कुणी ठाम विधान केलं तर त्याला फार महत्त्व देऊ नये.

माणसांचा असा प्रचंड साठा आज ब्रिटनमध्ये उपलब्ध आहे. यूके बायोबँकेनं 2006 ते 2010 या काळात 40 ते 69 वयाच्या 5 लाख लोकांची नोंद केली, त्यांचं रक्त घेतलं आणि पडद्यावर त्यांना शेकडो प्रश्न विचारले. त्यांत एक प्रश्न होता तुम्ही उजवे की डावखुरे, आणि दुसरा होता गेल्या वर्षभरात तोंड आलं होतं का! 2019 मध्ये याच साठ्यावरून दोन निबंध निघाले. ब्रिस्टलच्या टॉम डडिंग आणि सहकाऱ्यांनी 4 लाख 61 हजार 106 जणांची जनुकं चाळून तोंड येण्याशी जोडलेल्या 97 जागा शोधल्या. त्या मुख्यतः टी-पेशींना आवर घालणाऱ्या यंत्रणेकडे बोट दाखवतात. ऑक्सफर्डच्या अकिरा विबर्ग यांच्या गटानं सुमारे 4 लाख जणांत, ज्यांतले 38 हजार 332 डावखुरे होते, हाताशी जोडलेल्या चार जागा शोधल्या. त्या प्रामुख्यानं पेशींच्या आतला सांगाडा घडवणाऱ्या जनुकांजवळच्या निघाल्या.

एक यादी प्रतिकारशक्तीची, दुसरी पेशीच्या बांधणीची. दोन्ही शेजारी ठेवल्या की डावा हात आणि तोंड येणं यांचं मूळ एकच असेल, ही आशा बरीच मावळते. माझंही मत आता तेच आहे: संबंध असलाच तर फार बारीक असेल, एखाद्या माणसाच्या बाबतीत काही ठरवायला निरुपयोगी.

पण एक जागा मात्र मला सोडवत नाही. हाताशी जोडलेल्या जनुकांतलं ट्यूब-बी हे जनुक सहाव्या गुणसूत्रावर आहे. सहावं गुणसूत्र म्हणजे सुमारे 17 कोटी अक्षरांचा पट्टा. त्यावर ट्यूब-बीपासून जेमतेम 6 लाख अक्षरांवर एचएलए-बी नावाचं जनुक बसलेलं आहे. ‘हे माझं, हे परकं’ हे टी-पेशींना दाखवून देणारी पाटी हे जनुक घडवतं. याच जनुकाचा बी-51 हा प्रकार एका अशा आजाराशी जोडलेला आहे, ज्याची सुरुवात बहुधा तोंड येण्यानं होते. गुणसूत्राच्या या भागात जनुकं इतकी दाटीवाटीनं बसलेली आहेत आणि पिढ्यान् पिढ्या गटानं पुढे जातात, की शेजार म्हणजे नातं असं मानता येत नाही. तरीही, हाताचा कल आणि तोंडाचा दाह यांच्याशी संबंधित दोन खुणा एवढ्या मोठ्या पट्ट्यावर इतक्या जवळ आहेत, हे कळल्यावर गेशविंड यांना किती आनंद झाला असता!

तो आजार म्हणजे बेहचेत, आणि त्याची गोष्ट आपल्याला परत कुवेतला आणते. इस्तंबूलचे त्वचारोगतज्ज्ञ हुलुसी बेहचेत यांनी 1937 मध्ये त्याचं वर्णन केलं. ग्रीसचे नेत्रतज्ज्ञ अदामान्तिआदिस यांनी 1931 मध्ये तसाच एक रुग्ण नोंदवला होता. वारंवार तोंड येणं, जननेंद्रियावर जखमा, त्वचेवर पुरळ आणि डोळ्यांच्या आत दाह. डोळ्यांचा दाह वेळेत आटोक्यात आणला नाही तर दृष्टी जाऊ शकते. हा आजार भूमध्य समुद्रापासून तुर्कस्तान, इराण, चीन असा जपानपर्यंत पसरलेल्या पट्ट्यात जास्त आढळतो. जुना रेशीममार्गही तोच, म्हणून त्याला रेशीममार्गाचा आजार म्हणतात. या पट्ट्याच्या कडेला असलेल्या कुवेतमधल्या 29 रुग्णांचा सविस्तर अभ्यास मूसा आणि सहकाऱ्यांनी 1986 मध्ये प्रसिद्ध केला. देश बदलला की या आजाराची वागणूकही बदलते. बर्लिनमध्ये स्थायिक झालेल्या तुर्की कुटुंबांत तो तुर्कस्तानातल्यापेक्षा कमी आढळतो. जनुकं तीच, पण हवा-पाणी-अन्न वेगळं.

बेहचेतमध्ये एक अजब खूण दिसते. हाताच्या कातडीला निर्जंतुक सुई टोचली, तर दोन दिवसांत तिथे पूभरली पुटकुळी उठते. नुसत्या टोचण्याला शरीर एवढं मोठं उत्तर देतं. साधं तोंड येणाऱ्यालाही याची पुसट झलक ओळखीची असते. जेवताना गाल चावला गेला तर इतरांची जखम दोन दिवसांत मिटते, याच्या तोंडात मात्र तिथेच फोड येऊन बसतो.

मग हाताचा आणि तोंडाचा रोजचा, साधा संबंध उरतो तो ब्रशचा. हात ओळखण्यासाठी जगभर वापरली जाणारी एडिनबरा प्रश्नावली ओल्डफील्ड यांनी 1971 मध्ये केली. तिच्यातल्या दहा कामांत टूथब्रश आहे, आणि चमचाही आहे. चमच्याचा प्रश्न आपल्याकडे फसतो. घास, नैवेद्य, प्रसाद, सगळं उजव्या हातानंच, असं आपण मुलांना लहानपणापासून शिकवतो. कुवेती घरांतही मचबूस या भाताच्या थाळीत उजवाच हात जातो. म्हणून महाराष्ट्रात काय किंवा इथे काय, खरा डावखुरा हुडकायचा तर जेवण सोडून ब्रशकडे, चेंडू फेकण्याकडे, आगकाडी ओढण्याकडे बघावं लागतं. त्यातही माणूस एकाच बाजूचा असतो असं नाही. सचिन तेंडुलकर लिहितात डाव्या हातानं आणि फलंदाजी केली उजव्या हातानं. ब्रश ज्या हातात, त्याप्रमाणे तोंडाच्या दोन बाजूंवर पडणारा जोर बदलतो. कडक दात्यांचा ब्रश जोरात घासला की अस्तर सोलवटतं आणि ज्याचं तोंड यायचं त्याचं तिथेच येतं. तुमचा फोड नेहमी एकाच बाजूला येत असेल, तर ब्रश मऊ घेऊन, हात हलका ठेवून बघा. फेस आणणारं सोडियम लॉरिल सल्फेट नसलेली टूथपेस्ट वापरल्यावरही काहींचा त्रास कमी होतो.

ज्या कारणांवर आज इलाज करता येतो, ती साधी आहेत आणि आपल्या मराठी ताटाशी त्यांचा फार जवळचा संबंध आहे. लोह, फॉलिक आम्ल आणि बी-12 जीवनसत्त्व कमी पडलं की तोंडाचं अस्तर पातळ होतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं पुणे परिसरातल्या 441 मध्यमवयीन पुरुषांचं रक्त तपासलं आणि 2006 मध्ये निष्कर्ष मांडले. 67 टक्के पुरुषांत बी-12 कमी होतं. शहरी मध्यमवर्गात तर 81 टक्के! शाकाहार हे त्याचं मोठं कारण. आपण सलवात आलो तरी ताट पुण्याचंच मांडतो, त्यामुळे हा आकडा इथल्या घरांनीही लक्षात ठेवावा. आणि इस्रायलमधल्या वोल्कोव्ह आणि सहकाऱ्यांचा 2009 चा प्रयोग तर त्याहून आश्चर्याचा. तोंड येणाऱ्या 58 जणांपैकी काहींना रोज 1000 मायक्रोग्रॅम बी-12 जिभेखाली ठेवायला दिलं, बाकीच्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. सहा महिन्यांअखेर बी-12 घेणाऱ्यांपैकी 74 टक्क्यांच्या तोंडात एकही फोड नव्हता. दुसऱ्या गटात हेच प्रमाण 32 टक्के होतं. रक्तातली बी-12 ची पातळी आधी कमी होती की ठीक, यानं फरक पडला नाही. प्रयोग लहान होता, तरी एवढ्या स्वस्त आणि निरुपद्रवी उपायाची जितकी चर्चा व्हायला हवी तितकी ती होत नाही, असं मला मनापासून वाटतं.

घराणंही बघा. आई आणि वडील दोघांचंही तोंड येत असेल, तर मुलांना हा त्रास होण्याची शक्यता पुष्कळ वाढते. अशा घरात लहानग्याला ‘तिखट खाल्लंस म्हणून’ असं रागावण्यात अर्थ नाही.

म्हणून मुलाचं तोंड सारखं येत असेल, मग ते डावखुरं असो की उजवं, त्याचं हिमोग्लोबिन, लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन, बी-12 आणि फॉलिक आम्ल एकदा तपासून घ्या. पोट बिघडत असेल, वजन वाढत नसेल तर सीलिअॅकची चाचणी डॉक्टरांना विचारा. तोंडासोबत डोळे लाल होत असतील, दुखत असतील किंवा गुप्तांगावर जखमा होत असतील तर लाजून घरी बसू नका, लगेच दाखवा. आणि तोंडातली कोणतीही जखम तीन आठवड्यांत भरली नाही, विशेषतः तंबाखू, मिशरी किंवा गुटख्याची सवय असलेल्या माणसाची, आणि मग ती दुखत नसली तरीही, तर गुलकंदावर विसंबून राहू नका. ती तपासायला त्याच आठवड्यात दंतवैद्याकडे जा.